एफ.पी.जी.ए. बोर्ड : पाठ शोधावा कसा आणि जाळे जोडावे कसे?



धारचे नाव निघाले की प्रथम भोजराजाचे स्मरण होते. त्याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात एक संपूर्ण अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. पाऱ्याच्या शक्तीने उडणारा लाकडी पक्षी, दाराशी उभा राहून आगंतुकास अडविणारा यांत्रिक द्वारपाल, दिव्यात तेल घालणारी बाहुली अशी कितीतरी वर्णने त्यात आहेत. परंतु ही यंत्रे बांधावी कशी, हे मात्र ग्रंथकाराने सांगितलेले नाही. आणि न सांगण्याचे कारण अज्ञान नसून गुप्तता राखणे हे आहे, असेही त्याने स्पष्ट केले आहे. अकराव्या शतकातील राजदरबारात हे धोरण शहाणपणाचे असेल. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की आज त्या वर्णनांवरून कोणी काही बांधू म्हटले तर त्याच्या हाती कल्पनेवाचून दुसरे साधन नाही.

प्रस्तुत लेखातील यंत्राची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. ते बांधावे कसे, चालवावे कसे, हे सांगणारे पाठ शेकड्यांनी उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक विनामूल्य आहेत. अडचण आहे ती एवढ्या पाठांतून आपल्या हातातील बोर्डास लागू पडणारा एक पाठ निवडण्याची. धारमध्ये किंवा देवासमध्ये राहणाऱ्या, आणि ज्याला विचारावे असा माणूस शेजारी नसलेल्या विद्यार्थ्याचे महिनेच्या महिने या एका गोष्टीत वाया जाऊ शकतात. ते जाऊ नयेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. एफ.पी.जी.ए. हा इंग्रजी नावाचा संक्षेप असून, वापरणाऱ्याने आपल्या जागी बसून हवी तशी मांडावयाची तर्कद्वारांची जाळी, असा त्याचा भावार्थ आहे. 'अँड', 'ऑर', 'नॉट' ही तर्कद्वारे आणि त्यांच्या सत्यसारण्या आपण उच्च माध्यमिक वर्गात शिकतो. चार आदानांच्या कोणत्याही द्वाराची सत्यसारणी सोळा ओळींची असते. आता सोळा शून्य-एक साठविणारी एक चिमुकली स्मृती घेतली, चार आदानांचा उपयोग 'कोणती ओळ वाचावयाची' हे सांगण्यासाठी केला, आणि त्या ओळीतील अंक बाहेर काढला, तर ती स्मृतीच ते द्वार होऊन बसते! स्मृतीतील सोळा अंक बदलले की द्वार बदलले. अशा हजारो सारण्या आणि त्यांना जोडणाऱ्या, हव्या तशा उघडझाप करता येणाऱ्या तारा एका चिपवर मांडल्या, म्हणजे एफ.पी.जी.ए. तयार झाली. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली आणलेल्या एक्ससी-२०६४ या पहिल्या व्यापारी चिपमध्ये असे ६४ तर्कखंड होते. आज शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'आर्टी ए-७' या बोर्डाच्या ३५-टी प्रकारातील चिपमध्ये सहा आदानांच्या २०,८०० सारण्या आहेत.

संगणकाचा प्रोसेसर आज्ञा एकामागून एक वाचतो व पाळतो. एफ.पी.जी.ए.मध्ये आज्ञा नसतातच. तेथे मंडल असते आणि त्याचे सर्व भाग एकाच वेळी, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास, काम करीत राहतात. वेरिलॉग अथवा व्ही.एच.डी.एल. या भाषांत आपण जे लिहितो, ते त्या मंडलाचे वर्णन होय. हा भेद ज्याच्या मनात नीट ठसला नाही, त्याला पुढे प्रत्येक पायरीवर अडखळावे लागते. बहुतेक एफ.पी.जी.ए.तील सारण्या वीज गेली की पुसल्या जातात, म्हणून आराखडा शेजारच्या फ्लॅश स्मृतीत ठेवून प्रत्येक वेळी चिपमध्ये भरावा लागतो.

असल्या चिपांना नेटवर्क जोडण्याची गरज कोणाला पडली, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. देवासवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता धरून नाशिकला जावे आणि तेथून पुण्याच्या वाटेस लागावे. वाटेत जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. त्याच्या पूर्वेस खोडद नावाचे गाव आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने येथे 'जी.एम.आर.टी.' ही विशाल रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या आवारात आणि बाकीच्या १६ तीन भुजांवर, अशी ही रचना आहे. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त फेब्रुवारीअखेर तेथे विद्यार्थ्यांचा मेळा भरत आला आहे. सहलीसाठी याहून योग्य स्थळ क्वचितच मिळेल.

या दुर्बिणीचे अलीकडेच नूतनीकरण झाले आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा न्याहाळण्याची सोय झाली. आता थोडे गणित करू. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा अंकांत उतरवावयाचा तर दर सेकंदास निदान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना केवळ ४ बिटांनी लिहिला असे धरले, तरी एका संकेताचे सेकंदाला ३२० कोटी बिट होतात. प्रत्येक तबकडीचे दोन संकेत, म्हणजे एकूण ६० संकेत. सर्व मिळून सेकंदाला १९,२०० कोटी बिट! हा ओघ सामान्य प्रोसेसरच्या हाती एकदम सोपविणे म्हणजे नर्मदेचा पूर घागरीत धरण्यासारखे आहे. म्हणून खोडदच्या मध्यवर्ती केंद्रात, प्रकाशतंतूंवरून आलेले संकेत अंकांत उतरविणे आणि त्या अंकांची पाकिटे बांधणे हे काम 'रोच' नावाच्या एफ.पी.जी.ए. बोर्डांकडे दिले गेले. (हे नाव ऐकून इंग्रजी जाणणाऱ्यास झुरळ आठवेल; वस्तुतः तोही एक संक्षेपच आहे.) हे बोर्ड ती पाकिटे सेकंदाला १,००० कोटी बिट वाहणाऱ्या इथरनेट तारांवरून संगणकांकडे पाठवितात आणि पुढचे गणित त्या संगणकांतील जी.पी.यू. करतात.

रोच बोर्डाचा आराखडा कोणा एका कंपनीचे गुपित नव्हता. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे सुरू झालेल्या 'कॅस्पर' या सहकारी उपक्रमात दक्षिण आफ्रिका, अमेरिका आदी देशांतील रेडिओ-ज्योतिषांनी मिळून तो घडविला. बोर्डाची रेखाचित्रे, त्यावर चालणारी मंडले आणि शिकविणारे पाठ, सर्व काही त्यांनी उघडे ठेवले. भोजराजाच्या ग्रंथकाराला हे पाहून काय वाटले असते कोण जाणे! परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे: एका खंडात आखलेला बोर्ड दुसऱ्या खंडातील दुर्बिणीस लागला, आणि ज्याने तो आखला त्याला प्रत्येक ठिकाणी जाऊन बसावे लागले नाही.

कॅस्परच्या पाठांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिल्या पाठात बोर्डावरील एक दिवा उघडझाप करतो.  दुसऱ्याच पाठात नेटवर्क येते. आकाशातील संकेतांचे पृथक्करण, जे खरे साध्य, ते त्यानंतर. नेटवर्कच्या पाठातही प्रथम बाहेरचा संगणक आणलेला नाही. रोचवर या जलद इथरनेटच्या चार खाचा होत्या. त्यांतील एका खाचेतून निघालेली तार त्याच बोर्डाच्या दुसऱ्या खाचेत घालावयाची, एका दाराने पाकिटे पाठवावयाची, दुसऱ्या दाराने घ्यावयाची आणि पाठविलेले व आलेले ताडून पाहावयाचे. यातील युक्ती अशी की, काही बिघडले तर संशयित थोडे राहतात. संगणकाचे कार्ड, त्याची संरक्षक भिंत, मधला स्विच हे सर्व प्रथमच वगळले जातात.

मात्र हाच पाठ दुसऱ्या बोर्डावर जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही, आणि येथेच नवशिके फसतात. रोचवरील चिप 'व्हर्टेक्स-५' या पिढीची होती. तिच्यासाठी झायलिंक्सचे 'आय.एस.ई.' हे जुने साधन लागते. त्या साधनाची शेवटची १४.७ क्रमांकाची आवृत्ती २०१३ साली निघाली. त्याच कंपनीचे आजचे 'विवाडो' हे साधन व्हर्टेक्स-५ ला ओळखत नाही आणि जुने साधन नव्या चिपांना ओळखत नाही. (झायलिंक्स ही कंपनीदेखील २०२२ साली ए.एम.डी.मध्ये विलीन झाली. त्यामुळे एकाच वस्तूचे पाठ कधी या नावाखाली तर कधी त्या नावाखाली सापडतात.) दहा वर्षांपूर्वीचा पाठ खोटा नसतो, तो दुसऱ्या यंत्राचा असतो.

म्हणून पाठ शोधण्यापूर्वी आपला बोर्ड वाचावयास शिकले पाहिजे. बोर्डाच्या नावाबरोबर त्यावर छापलेला आवृत्तिक्रमांक आणि मुख्य चिपवरील पूर्ण क्रमांक वहीत उतरून घ्यावा. नंतर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तीन कागद मिळवावेत: संदर्भपुस्तिका, मंडलाचे रेखाचित्र आणि चिपचा कोणता पाय कोठे जोडला आहे हे सांगणारी फाइल. हे तीन कागद हाती असले की निम्मे पाठ तुम्ही पाहताक्षणी बाजूला सारू शकाल. ज्या निर्मात्याने हे तीन कागद दिलेले नाहीत त्याचा बोर्ड कितीही स्वस्त असला तरी नवशिक्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याला एक मजेदार अपवाद आहे. दुकानांवरील दिव्यांच्या चालत्या पाट्यांसाठी 'कलरलाइट' नावाची कार्डे विकली जातात. त्यांच्या एका प्रकारावर लॅटिस कंपनीची एफ.पी.जी.ए. आणि इथरनेटच्या दोन खाचा असल्याचे हौशी मंडळींच्या ध्यानात आले; त्यांनी एकेक पाय तपासून त्याचा नकाशा स्वतः तयार केला आणि सर्वांना देऊन टाकला. परंतु हे काम अनुभवी हातांचे आहे.

दुसरा प्रश्न, बोर्डावरील इथरनेटची खाच कोणाला जोडलेली आहे? वरवर क्षुल्लक दिसणारा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. 'पिंक-झेड२' सारख्या बोर्डांवर एकाच चिपमध्ये प्रोसेसर आणि एफ.पी.जी.ए. असे दोन भाग शेजारी नांदतात, आणि इथरनेट प्रोसेसरच्या भागास जोडलेले असते. तेथे स्मृतिकार्डावर लिनक्स भरले की नेटवर्क जवळजवळ आयते मिळते. तार थेट संगणकास जोडली तर बोर्ड १९२.१६८.२.९९ या पत्त्यावर उत्तर देतो. ज्याला लवकर काही करून दाखवावयाचे आहे त्याच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. परंतु तेव्हा आपण जाळ्यात प्रोसेसर जोडलेला असतो, एफ.पी.जी.ए. नव्हे, याचा विसर पडू नये. आर्टी ए-७ वर मात्र खाच सरळ एफ.पी.जी.ए.च्या पायांशी येते. तेथे जे काही करावयाचे ते आपल्या मंडलासच करावे लागते. एका प्रकारच्या बोर्डाचा पाठ दुसऱ्या प्रकारच्या बोर्डावर चालविण्याचा प्रयत्न म्हणजे उत्तरेच्या दाराची किल्ली दक्षिणेच्या कुलपात फिरविणे होय. रोचवर या दोन्ही सोयी निरनिराळ्या होत्या: बोर्डाला हुकूम देण्यासाठी प्रोसेसरचे साधे इथरनेट, आणि माहितीच्या लोंढ्यासाठी एफ.पी.जी.ए.च्या जलद खाचा.

चलत्‌चित्रांतील पाठांविषयी एक शब्द. ते पाहताना सर्व समजल्यासारखे वाटते; पण पडद्यावर झरकन गेलेल्या पायांच्या क्रमांकांवरून कोणास मंडल जोडता येत नाही. लिखित पाठ, आणि त्याबरोबर संपूर्ण आराखडा उतरवून घेण्याची सोय, हीच पहिली पसंती असावी. तो आराखडा प्रथम एकही अक्षर न बदलता चालवून पाहावा. चालला, तर मग त्यात एका वेळी एकच बदल करावा. भाषेची अडचण ज्यांना वाटते त्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.चे 'स्पोकन ट्युटोरिअल' पाहावे. लिनक्स, पायथॉन यांसारख्या विषयांचे पाठ तेथे मराठीतून ऐकावयास मिळतात. वेरिलॉगसाठी 'एन.पी.टी.ई.एल.' या उपक्रमातील खरगपूरच्या आय.आय.टी.चा अभ्यासक्रम आहे. तो इंग्रजीत असला तरी सावकाश शिकविलेला आहे. बोर्ड विकत घेण्याची ऐपत नसेल तरी थांबण्याचे कारण नाही. 'इकारस वेरिलॉग' हे विनामूल्य साधन तुमचे मंडल संगणकावरच चालवून दाखविते आणि 'जी.टी.के.वेव्ह' त्याच्या लहरी रेखाटून देते. पुढे वर्णन केलेल्या कामाचा मोठा भाग अशा प्रकारे बोर्डावाचून करता येतो.

आता प्रत्यक्ष जाळ्याकडे वळू. इथरनेटची तार आणि एफ.पी.जी.ए. यांच्यामध्ये एक लहान चिप असते. तिला 'फाय' म्हणतात. तारेवरील विद्युत्‌स्पंदांचे शून्य-एक करणे आणि शून्य-एकांचे स्पंद करणे, एवढेच तिचे काम. सेकंदाला १० कोटी बिटांच्या इथरनेटवर ही चिप एफ.पी.जी.ए.शी चार तारांवरून, सेकंदाला अडीच कोटी ठोक्यांच्या तालावर बोलते. चार गुणिले अडीच म्हणजे दहा, हिशेब सरळ आहे. दसपट वेगाच्या इथरनेटच्या एका प्रचलित पद्धतीत याच चार तारांवर साडेबारा कोटींचा ताल असतो आणि ठोक्याच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांना बिट पाठविले जातात. तेव्हा एक बिट तारेवर अवघे ४ नॅनोसेकंद टिकतो आणि तो नेमका मध्यावर वाचता यावा म्हणून घड्याळ २ नॅनोसेकंदांनी मागे सारावे लागते. नवशिक्याने प्रारंभ कमी वेगाने करावा हे उत्तम.

आर्टी बोर्डावर येथे एक खोच आहे. फाय चिपला लागणारा अडीच कोटींचा मूळ ठोका बोर्डावरील स्फटिक देत नाही, तो एफ.पी.जी.ए.ने द्यावा लागतो. बोर्डावरील मुख्य घड्याळ १० कोटींचे आहे. त्याला चारांनी भागून तो ठोका योग्य पायावर आणून दिला नाही, तर फाय जागाच होत नाही. तार जोडूनही खाचेवरील दिवे मंदच राहतात, आणि विद्यार्थी बिचारा आपल्या वेरिलॉगमध्ये चूक शोधत बसतो. ही गोष्ट संदर्भपुस्तिकेत लिहिलेली आहे; म्हणूनच ते तीन कागद आधी मिळवावयास सांगितले.

दिवे लागले म्हणजे तार जिवंत आहे. यापुढे प्रत्येक पाकीट कसे बांधावयाचे ते पाहू. प्रथम सात बाइट ठराविक नमुन्याचे, ऐकणाऱ्यास ताल पकडता यावा म्हणून. मग एक बाइट 'आता सुरू' अशा अर्थाचा. त्यानंतर ज्याला पाठवावयाचे त्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, मग आपला मॅक पत्ता, मग आत काय आहे ते सांगणारे दोन बाइट, नंतर मजकूर, आणि शेवटी चार बाइटांची पडताळणी. मजकूर ४६ बाइटांहून लहान असल्यास शून्ये भरून तो तेवढा करावा लागतो. आपल्या बोर्डाला मॅक पत्ता आपणच द्यावयाचा असेल तर त्याचा पहिला बाइट ०२ ठेवावा. स्थानिक पातळीवर दिलेला पत्ता अशी ती खूण आहे. पहिला बाइट विषम मात्र कधीही नसावा. विषम बाइटाने सुरू होणारा पत्ता समूहाचा समजला जातो, आणि समूहाला पाठविणारा म्हणून सही करता येत नाही.

पहिला प्रयोग अगदी साधा करावा. दर सेकंदास एक पाकीट, सर्वांना उद्देशून, म्हणजे घेणाऱ्याच्या पत्त्याचे ४८ही बिट एक ठेवून पाठवावे. संगणकावर 'वायरशार्क' हे पाकिटे दाखविणारे साधन उघडून बसावे. खाचेवरील दिवा सेकंदाला लुकलुकतो, पण वायरशार्कमध्ये काहीच उमटत नाही, असे झाल्यास बहुधा शेवटची चार बाइटांची पडताळणी चुकलेली असते. संगणकाचे कार्ड असे चुकीचे पाकीट मुकाट्याने टाकून देते. ते वरपर्यंत येतच नाही. कार्डाच्या स्वतःच्या नोंदीत चुकलेल्या पाकिटांचा आकडा वाढत असतो, तो पाहिला की निदान पक्के होते. पडताळणी चुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बिटांचा क्रम: प्रत्येक बाइटाचा खालचा अर्धा भाग आधी जातो आणि वरचा मागाहून.

हे साधले म्हणजे आय.पी. पत्त्याकडे यावे. येथे देवासकरांना समजावून सांगणे सोपे आहे. तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंनी अठराव्या शतकात वसविलेली देवासची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच नगरात नांदत होती. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीच्या अमलात, तर समोरची दुसरीच्या. पाण्याची सोय निराळी, दिवाबत्ती निराळी. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली तोवर असे चालले होते. नुसते 'देवास' म्हणून भागत नसे. कोणत्या पातीचे देवास हे विचारावेच लागे. आय.पी. पत्त्यांतही नेमके हेच आहे. १९२.१६८.२.१ आणि १९२.१६८.२.९९ हे एका पातीचे आहेत की नाहीत, हे पत्त्याबरोबर दिलेला 'मास्क' ठरवितो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन अंक जुळणारे सर्व एका पातीचे. पाती एक असेल तर संगणक पाकीट थेट देतो. निराळी असेल तर तो ते सीमेवरील द्वाराकडे, म्हणजे गेटवेकडे सोपवितो. बोर्ड आणि संगणक यांच्यामध्ये एकच तार असताना गेटवे नावाचे कोणी अस्तित्वातच नसते. म्हणून पत्ते वेगवेगळ्या पातींतले पडले तर तार चांगली, दिवे चालू, आणि तरी संवाद नाही, अशी स्थिती होते. आणखी एक सावधगिरी: घरच्या वाय-फायने तीच पाती आधीच घेतली असेल तर तारेसाठी दुसरी निवडावी. नाहीतर संगणक तुमचे पाकीट भलत्याच दाराने पाठवील.

पाती एक असली तरी संगणकास बोर्डाचा मॅक पत्ता ठाऊक नसतो. तो तारेवर पुकारा करतो: हा आय.पी. पत्ता कोणाचा? या पुकाऱ्यास ए.आर.पी. म्हणतात. बोर्डाने 'माझा' म्हणून उत्तर दिले नाही तर संगणक खरे पाकीट पाठवीतच नाही. म्हणून ए.आर.पी.ला उत्तर देणारे मंडल हे खऱ्या अर्थाने पहिले दुतर्फा संभाषण होय. ते लिहीपर्यंत बोर्डाचा मॅक पत्ता संगणकाच्या यादीत हाताने नोंदवून काम चालविता येते. ए.आर.पी. झाले की 'पिंग'ला उत्तर देणे फार दूर नाही. आलेल्या पाकिटातील पत्त्यांची अदलाबदल करून, विनंतीचा अंक उत्तराच्या अंकाने बदलून आणि पडताळणीची बेरीज सुधारून तेच पाकीट परत पाठवावयाचे असते.

माहिती पाठविण्यासाठी यू.डी.पी. ही पद्धत घ्यावी. तीत पोच मागितली जात नाही, हरवलेले पाकीट पुन्हा पाठविले जात नाही. म्हणून तिचे मंडल लहान असते. पाकीट किती मोठे करावे, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. यू.डी.पी.च्या प्रत्येक पाकिटामागे तारेवर ६६ बाइटांचा वरखर्च असतो: सुरुवातीचा ताल ८, इथरनेटचे शीर्षक १४, आय.पी.चे २०, यू.डी.पी.चे ८, पडताळणी ४, आणि दोन पाकिटांमधील सक्तीची विश्रांती १२. मजकूर १,४७२ बाइटांचा, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपर्यंतचा, भरला तर तारेची ९५ टक्क्यांहून अधिक शक्ती मजकुरास मिळते. मजकूर दहाच बाइटांचा ठेवला तर पाकीट शून्यांनी फुगवावे लागते; तारेवर ८४ बाइट जातात आणि जेमतेम १२ टक्के उपयोगी पडतात. रेडिओ-ज्योतिषांच्या बोर्डांवर याच कारणाने आठ हजार बाइटांच्या आसपासची मोठी पाकिटे बांधण्याचा प्रघात पडला. तेवढ्या मोठ्या पाकिटांसाठी मात्र संगणकाचे कार्ड व मधला स्विच या दोघांनाही आधी तसे सांगून ठेवावे लागते.

पोच नाही म्हटल्यावर पाकीट हरवले हे कळावे कसे? प्रत्येक पाकिटाच्या मजकुरात प्रथम एक वाढता क्रमांक घालावा. संगणकावर पायथॉनची दहा-पंधरा ओळींची आज्ञावली लिहून आलेले क्रमांक तपासावेत आणि मध्ये खंड पडला की तो मोजावा. बोर्ड रात्रभर चालू ठेवून सकाळी तो आकडा पाहावा. वेग कमी असता शून्य आणि वेग वाढविताच शेकड्यांनी खंड, असे दिसले तर दोष बहुधा बोर्डाचा नसून संगणकाला वाचण्यास उसंत मिळत नाही. प्रथम संगणकाची स्वीकारस्मृती वाढवून पाहावी. कमी वेगालाही अधूनमधून खंड पडत असतील, तर मात्र तार बदलून पाहावी, आणि तरीही पडले तर फाय चिपच्या घड्याळाकडे परत जावे.